ब गटाचे गुडघे

शाल्मलीला तीस माणसं हवी होती. पन्नाशीच्या पुढची, गुडघे दुखणारी आणि पुढचे सहा आठवडे दारव्हा सोडून कुठे न जाणारी. एवढंच तिचं मागणं होतं आणि ते तिने फोनवर इतक्या संकोचाने मांडलं, की मला हसू आलं. चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, दोन जनगणना आणि अकरा निवडणुका पार पाडलेल्या नीळकंठ खानझोडेला त्याची मुलगी तीस माणसं मागत होती.

"तीस काहून? साठ घे," मी म्हणालो.

"साठ नको बाबा, तीसच. आणि तुम्ही फक्त नावं सुचवा. बाकीचं मी पाहते."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही, असं माझी बायको शोभा आजही चारचौघांत सांगते. ऐकलं होतं. मनावर घेतलं नाही, इतकंच.

शाल्मली नागपूरला फिजिओथेरपीच्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी साडेचार वर्षांची पदवी झाली, आता हे तीन वर्षांचं. त्यात एक प्रबंध लिहावा लागतो. तिचा विषय होता, गुडघेदुखीवर घरच्या घरी करायच्या व्यायामांचा किती उपयोग होतो. तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, नागपुरातच कर, तालुक्याची माणसं पहिल्या दिवशी येतात आणि शेवटच्या दिवशी गायब होतात. शाल्मलीने दारव्ह्याचा हट्ट धरला. आता शेवटच्या मोजमापाला माणसं कमी पडली तर प्रबंध अडणार, प्रबंध अडला तर परीक्षा अडणार. मॅडमचं ते वाक्य तिने मला सांगायला नको होतं. माझ्या तालुक्याबद्दल असं बोललेलं मी कलेक्टरचंही ऐकून घेतलं नसतं. म्हणजे ऐकून घेतलं असतं, पण मनात ठेवलं असतं.

आमच्या शेजारी विठ्ठलराव राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. कुंपणाच्या पलीकडून सल्ला देणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं पूर्णवेळ काम.

"मालिश शिकायले साडेचार वर्षं लागले पोरीले," ते म्हणाले, "आन आता वरून तीन?"

"मालिश नाही हो गुरुजी. ते शास्त्र आहे. स्नायूंचं, सांध्यांचं."

"हाव, हाव. आर्णीले एक जण होता. शास्त्र नोतं त्याच्यापाशी, पन बोटं चांगले होते."

हा संवाद आमच्यात गेली सहा वर्षं महिन्यातून दोनदा होतो. उत्तर देऊन देऊन मलाच कधीकधी शंका यायची, पण ती मी घरात बोलून दाखवली नव्हती.

तर माणसं बोलवायची म्हणजे जागा हवी. गल्लीच्या टोकाला समाजभवन आहे. त्याच्या समितीचा छापील अर्ज आणला. त्यात कार्यक्रमाचा प्रकार या रकान्यात छापलेले पर्याय होते: लग्न, साक्षगंध, बारसं, तेरवी, आरोग्य शिबिर, इतर. मी आरोग्य शिबिरावर खूण केली. सचिव म्हणाले, "यासाठी सरकारी डॉक्टरचं पत्र लागते." मी खोडून 'इतर' वर खूण केली. सचिव म्हणाले, "इतरले समितीची बैठक लागते. बैठक पुढच्या महिन्यात हाय." शाल्मली शनिवारी येणार होती. मी जन्मभर लोकांचे अर्ज तपासलेला माणूस. अर्जाचं पोट कुठे भरतं ते मला कळतं. मी साक्षगंधावर, म्हणजे साखरपुड्यावर, खूण केली. पाच मिनिटांत मंजुरी मिळाली.

व्हॉट्सॲपवर निरोप टाकायचं काम विठ्ठलरावांनी मागून घेतलं. मी त्यांना वाक्य लिहून दिलं होतं: 'गुडघेदुखीच्या अभ्यासासाठी पन्नाशीपुढील तीस व्यक्ती हव्यात.' त्यांना ते रुक्ष वाटलं. त्यांनी ते असं सुधारलं: 'गुडघेदुखीवर कायमचा इलाज. नागपूरचे पथक दारव्ह्यात. आधी येईल त्यास प्राधान्य.'

पथक म्हणजे शाल्मली, एक वजनकाटा, एक स्टॉपवॉच आणि गुडघा किती वाकतो ते मोजायचं एक प्लास्टिकचं यंत्र, जे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पाय फुटल्यासारखं दिसतं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता समाजभवनात सत्तरेक माणसं होती. काही जण अंथरूण आणि डबा घेऊन आले होते, कारण ऑपरेशन आहे अशी बातमी पोचली होती. एका गृहस्थाची दाढ दुखत होती. त्यांचं म्हणणं, पथक आलंच आहे तर पाहून घ्यावं. आणि बाहेरच्या फळ्यावर समितीने नियमाप्रमाणे 'खानझोडे परिवार, साक्षगंध' असं दोन दिवस आधीच खडूने लिहून ठेवल्यामुळे आणि ती बातमी यवतमाळपर्यंत गेल्यामुळे अकरा माणसं रेशमी कपड्यांत आली. त्यात शोभाची यवतमाळची चुलत बहीण होती, हातात भेटीचा डब्यांचा संच घेऊन.

"आमाले सांगतलं नाई न काई नाई," ती शोभाला म्हणाली. "नवरदेव कोनता व्हय यातला?" आणि तिने समोरच्या बाकावर बसलेल्या साठी-पासष्टीच्या लोकांवरून नजर फिरवली.

शोभा माझ्याकडे पाहत राहिली. तिने पुढचे दोन दिवस माझ्याशी फक्त स्वयंपाकाच्या संदर्भात बोलायचं ठरवलं आणि ते पाळलं.

शाल्मली मात्र शांत होती. तिने पांढरा कोट घातला, टेबल ओढलं आणि एकेकाला बोलवायला लागली. कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही याचे नियम ठरलेले होते. हे नियम ऐकताना माणसं जशी दुखावली, तसं मी राशनकार्डाच्या रांगेतही कोणाला पाहिलं नाही.

"आजी, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तुम्हाला नाही घेता येणार."

"मंग दुसरा घे ना. थो तं तसाच हाय."

"काका, तुमचं वय सत्तेचाळीस लिहिलंय."

"थे शाळेतलं व्हय. मास्तरनं अंदाजानं लावलं. असली वय कोनालेच मालूम नाई."

दुपारपर्यंत तिने नियमात बसणारी तीस माणसं निवडली. मग संमतीपत्रं आली. चार पानं, कॉलेजात भाषांतर केलेली. 'मी सदर संशोधनात्मक अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होत असून' अशी सुरुवात वाचून माझा जीव सुखावला. अशी भाषा मी निवृत्त झाल्यापासून ऐकली नव्हती. मी ते खड्या आवाजात वाचून दाखवलं. 'कोणतेही कारण न देता केव्हाही माघार घेता येईल' इथपर्यंत आलो, तेव्हा शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाईंनी विचारलं, "मंग आताच घेतली तं चालते का?"

इथे माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक सवयीची होती. सहीसाठी पहिला माणूस पुढे आला आणि माझ्या तोंडून निघालं, "आधारची झेरॉक्स जोडा. दोन प्रती."

आधार आणि सही एकत्र आलं की त्यातून काय काय निघू शकतं, हे गावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शाल्मलीने मान वर करेपर्यंत एकोणीस माणसं चपला घालून बाहेर पडली होती.

"बाबा," ती हळू म्हणाली, "आधार कोणी मागितलं होतं?"

तिला ओरडताना मी ऐकलेलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती एकोणीस माणसं परत आणली वाहिदभाईंनी. वाहिदभाईंचं बसस्टँडजवळ मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. गावातली निम्मी माणसं त्यांच्या बाकड्यावर बसून आपली गाडी नीट व्हायची वाट पाहत असतात. वाहिदभाई स्वतः आणि त्यांची बायको गुलनारभाभी, दोघंही तीसमध्ये होते. "कुछ नाई होत भाई, पोरीची परीक्षा हाय," ते ज्याला त्याला सांगत फिरले, "पान्या-पक्कडीचं काम हाय, कागदाचं नाई." रविवारी सगळे आले. सह्या झाल्या. मी त्या वेळी हॉलच्या बाहेर उभा होतो. मला तसं सांगण्यात आलं होतं.

मग पाकिटं. तीस बंद पाकिटं होती, पंधरात अ आणि पंधरात ब. ज्याच्या हाताला जे लागेल ते. अ गटाला घरी करायचे सहा व्यायाम शिकवायचे, कागद द्यायचा आणि रोज केल्याची खूण करायला एक डायरी. ब गटाला फक्त कसं बसावं, कसं उठावं, शेक कसा घ्यावा एवढी माहिती. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत काय फरक पडला ते पाहायचं. नंतर ब गटालाही तेच व्यायाम शिकवायचे, असं संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. तिसऱ्या पानापर्यंत माझं वाचन पोचलंच नव्हतं.

वाहिदभाईंना अ आला. गुलनारभाभींना ब. नंदाबाईंना ब. विठ्ठलरावांनी पाकीट उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"ब," ते म्हणाले.

"हो काका. हे नशिबाने ठरतं. त्यात कमीजास्त काही नाही," शाल्मली म्हणाली.

"पोरी, मी एकतीस वर्षं अ तुकडीचा वर्गशिक्षक होतो."

"काका, ही तुकडी नाही. गट आहे."

"ब म्हंजे ब," विठ्ठलराव म्हणाले आणि काठी घेऊन निघून गेले. त्या संध्याकाळी कुंपणाच्या पलीकडून एकही सल्ला आला नाही. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शाल्मली नागपूरला गेली. जाताना मला एक काम दिलं. आठवड्यातून एकदा सगळ्यांना भेटायचं, डायरी भरतात का पाहायचं आणि काही अडचण आली तर तिला कळवायचं. मी बाजारातून फाइल आणली आणि तिच्यावर 'स्थानिक समन्वयक' असं ठळक अक्षरांत लिहिलं.

पहिल्याच आठवड्यात वाहिदभाईंची डायरी पाहिली. सहाही आठवड्यांच्या बेचाळीस चौकोनांत सुबक खुणा केलेल्या होत्या.

"वाहिदभाई, ही पुढच्या महिन्याची पण?"

"आपन काम अंगावर ठेवत नाई, नीळकंठभाऊ," ते स्पार्क प्लग साफ करत म्हणाले. "एकदाच बसलो आन सारं करून टाकलं."

अ गटातल्या निम्म्या घरांत हीच तऱ्हा. एका घरी व्यायामाचा कागद देवळीत ठेवून त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. व्यायाम मात्र कोणी करत नव्हतं. मी समजावलं, बजावलं, एकदा कचेरीतला आवाजही काढून पाहिला. सगळे हो म्हणायचे. हो म्हणणाऱ्या माणसाचं काही करता येत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

तिसऱ्या आठवड्यात नंदाबाईंकडे गेलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "गुरुजीच्या गच्चीवर गेली ना थे. रोजच जाते सकाळी साहाले."

मी विठ्ठलरावांच्या गच्चीवर गेलो. सकाळची कोवळी उन्हं होती. ओळीने चौदा सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर ब गटाची चौदा माणसं पाय लांब करून बसलेली, प्रत्येकाच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. पुढे विठ्ठलराव, गळ्यात शिट्टी. भिंतीवर अ गटाचा व्यायामाचा कागद मोठ्या अक्षरांत उतरवून लावलेला. तो वाहिदभाईंच्या घरून गुलनारभाभींनी आणला होता. नवऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

"दाबा," विठ्ठलराव म्हणत होते. "पाच मोजेपर्यंत सोडायचं नाई. नंदाबाई, लक्ष कुठं हाय?"

"गुरुजी, हे काय करून राहिले तुम्ही?" मी म्हणालो. "तुम्ही ब गट आहात. तुम्हाला व्यायाम करायचा नाही."

"हे कोन सांगतलं? कागदावर लिहिलं हाय का, की व्यायाम करू नये?"

लिहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात चारही पानं उलटली. असं एकही कलम नव्हतं.

"अहो, पण मग तुलना कशी होणार? पोरीचा सगळा अभ्यास..."

"अभ्यास मले शिकवू नका, खानझोडे. पहिल्या दिवशी ही नंदा जिना चढताना तीनदा थांबली. आज इचारा किती वेळा थांबली."

"एकदाच थांबली मी," नंदाबाई पाय दाबत म्हणाल्या. "आन थे बी चप्पल निंगाली म्हनून."

मी जिना उतरलो. त्याच संध्याकाळी शाल्मलीचा फोन आला. "सगळं ठीक ना बाबा?"

सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होतो? की तिच्या मॅडम म्हणाल्या होत्या माणसं येणार नाहीत, आणि इथे ज्यांनी यायचं नव्हतं तीच रोज पहाटे येत आहेत? की समन्वयकाच्या कुंपणापलीकडे तीन आठवडे शिट्टी वाजत होती आणि त्याला वाटलं ती कुकरची आहे?

"सगळं ठीक," मी म्हणालो. पुढच्या तीनही आठवड्यांत तेच म्हणालो.

सहाव्या आठवड्यानंतरच्या रविवारी तीसच्या तीस माणसं हजर होती. त्या हजेरीचा मला किती अभिमान वाटावा आणि किती भीती, ते ठरत नव्हतं. शाल्मली आनंदात होती. तिने हॉलच्या दारातून मॅडमना फोन करून आकडा सांगितला, तोही मला ऐकू जाईल अशा आवाजात.

मोजमाप सुरू झालं. दुखणं दहापैकी किती, असं विचारल्यावर विठ्ठलराव बराच वेळ विचारात पडले. "मी कोनालेच पैकीच्या पैकी देत नाई," ते म्हणाले. "आधी सात होतं. आता तीन लिही." मग खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते पाहायचं होतं. वाहिदभाई पहिल्या वेळी नऊदा उठले होते, आताही नऊदा उठले. गुलनारभाभी आठवरून तेरावर गेल्या. नंदाबाई चौदा. शाल्मलीने कागद पुन्हा पाहिले. दुपारनंतर तिचा चेहरा उतरत गेला. अ गट होता तिथेच होता. ब गट मात्र खुर्चीवरून टणाटण उठत होता.

सगळे गेल्यावर ती टेबलाशी बसून राहिली. "काहीतरी उलटं झालंय," ती म्हणाली. "मी पाकिटं उलटी लिहिली का? व्यायामाने काहीच होत नाही, असं निघतंय बाबा. सहा वर्षं मी हे शिकतेय."

मी समोरची खुर्ची ओढली आणि गच्चीचं सगळं सांगितलं. कागद, शिट्टी, सतरंज्या. किती दिवसांपासून मला माहीत होतं, तेही.

ती ब गटाचे कागद पुन्हा चाळायला लागली. म्हणून मी बोललो, आणि ते बोलायला नको होतं. "ब गटाचे आकडे जरा खाली घेतले तर? दोन-दोन. कोणाला कळणार आहे?"

"बाबा," ती म्हणाली, "हे आकडे पाहून उद्या मी कोणाला तरी सांगणार आहे, की काकू, हे करा, तुमचा पाय उचलेल. तेव्हा मला कळेल ना."

मग तिने कोट काढला, घडी केली आणि मॅडमना फोन लावला. मी बाहेर पायरीवर बसलो. फोन पाऊण तास चालला. तिने विठ्ठलरावांवर काही ढकललं नाही, माझ्यावरही नाही. "माझं लक्ष कमी पडलं," असं एकदा ऐकू आलं. ते ऐकणं मला जड गेलं.

निकाल असा लागला, की दारव्ह्याची तीस माणसं धरता येणार नाहीत. विषय थोडा बदलायचा: एकट्याने घरी केलेला व्यायाम आणि चारचौघांत मिळून केलेला व्यायाम. मॅडमना ते जे घडलं त्यातूनच सुचलं आणि आवडलं. पण त्याला कॉलेजच्या नैतिकता समितीची नव्याने मंजुरी लागणार, नवीन तीस माणसं लागणार आणि शाल्मलीची परीक्षा सहा महिने पुढे जाणार. तिच्या बरोबरीची मुलं आधी पास होणार. विठ्ठलरावांना हे कळलं तेव्हा ते कुंपणाशी आले. "पोरीले म्हना, गुरुजी चुकला," एवढं बोलून आत गेले. मला सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या त्या नैतिकता समितीचं पत्र आलं. अभ्यासात बिघाड कसा झाला, याचा स्थानिक समन्वयकाने लेखी खुलासा सादर करावा. खुलासा. चौतीस वर्षांत मी किती जणांकडून खुलासे मागवले असतील त्याची गणती नाही. तलाठ्यांकडून, कोतवालांकडून, एकदा तर नायब तहसीलदारांकडून. मला स्वतःला एकदाही द्यावा लागला नव्हता. निवृत्तीच्या समारंभात हे खास नमूद झालं होतं.

मी पहिला मसुदा लिहिला. तीन पानं झाली. त्यात समाजभवनाचा अर्ज होता, व्हॉट्सॲपचा निरोप होता, संमतीपत्रातील कलमांची संदिग्धता होती आणि 'काही सहभागी व्यक्तींचा अतिउत्साह' होता. वाचून पाहिला. इतका चांगला खुलासा कोणीही मंजूर केला असता. अशी तीन पानं समोर आली की मी कचेरीत काय समजायचो, तेही आठवलं. शोभाने चहा ठेवला, पानं पाहिली आणि म्हणाली, "एवढं लिहायला लागते का खरं?" त्या साक्षगंधानंतर तिचं माझ्याशी स्वयंपाकाबाहेरचं बोलणं अजून मोजकंच होतं. त्यामुळे ते लागलं.

दुसरा मसुदा चार ओळींचा झाला. 'तिसऱ्या आठवड्यात सदर प्रकार माझ्या निदर्शनास आला. मी तो कळविला नाही. विचारणा झाली असता सर्व ठीक असल्याचे चार वेळा सांगितले. यात संशोधक विद्यार्थिनीचा दोष नाही.' खाली सही.

शाल्मली आली तेव्हा तो तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, आणि माझ्या अंदाजाने दोनदा वाचला. मग पर्समध्ये ठेवला.

मंजुरी यायला चार महिने लागले. नवी माणसं आर्णीला शोधायचं ठरलं, तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "सकाळी सातच्या गाडीने निघायचंय. खुर्च्या लावायला कोणीतरी लागेल."

"मी येतो," मी म्हणालो.

"या. पण कोणाशी काही बोलायचं नाही. काही वाचून दाखवायचं नाही. कोणाकडून काही मागायचं नाही."

"एक शब्दही नाही?"

"'बसा' म्हणा. तेवढं चालेल."

आर्णीला मी पस्तीस खुर्च्या लावल्या आणि दारात उभा राहिलो. येईल त्याला 'बसा' म्हणालो. या कामात चुकायला वाव कमी होता, तरी मी प्रत्येक वेळी आधी तिच्याकडे पाहून घ्यायचो. अकराच्या सुमारास खेमसिंग नावाचे एक आजोबा आले, काठी टेकत, पाय ओढत. मी म्हणालो, बसा. ते बसले नाहीत. समोर शाल्मली एका बाईच्या पायाशी जमिनीवर बसून त्यांचा गुडघा हळूहळू वाकवत होती, दुसऱ्या हाताने मोजत होती.

"इथं काय चालू हाय भाऊ?" त्यांनी मला विचारलं. "मालिशवाली व्हय का?"

सहा वर्षं कुंपणाशी दिलेली सगळी उत्तरं माझ्या तोंडाशी आली. स्नायू, सांधे, शास्त्र, साडेचार अधिक तीन. मला बोलायची परवानगी नव्हती. मी शाल्मलीकडे पाहिलं. ती त्या बाईला काहीतरी विचारत होती आणि उत्तर संपेपर्यंत पेन उचलत नव्हती.

"त्या मॅडम आहेत," मी म्हणालो. "त्यांनाच विचारा. नीट सांगतात त्या."

आणि त्यांची काठी धरून त्यांना खुर्चीत बसवलं.